पुढचे सहा फूट

हंबीररावाचा राग यायला धोंडिरामला नवं कारण लागत नसे. जुनंच पुरून उरत असे. हंबीरराव पलटणीत सुतारकाम शिकला, नायकाच्या पेन्शनीवर गावी आला आणि एसटी स्टँडासमोर त्यानं लाकडाचा कारखाना टाकला, तेव्हा धोंडिराम चौदा वर्षांचा होता. तो आपल्या पायानं कारखान्यात गेला आणि मला काम शिकवा म्हणाला. हंबीररावानं नाही म्हटलं नाही. दोन वर्षं त्याच्याकडून ढलप्या झाडून घेतल्या, ओंडके वाहून घेतले, चहा बाहेरच्या कट्ट्यावर वेगळ्या कपातून दिला, आणि पोरानं रंध्याला हात लावला की तेवढ्यापुरता जागा व्हायचा. "ठेव ते," म्हणायचा. "ते तुमच्यातलं काम न्हवं."

त्या 'तुमच्यातलं'ला कंटाळून धोंडिराम मुंबईला गेला, मुंबईहून मस्कतला गेला, आणि तिथं अकरा वर्षं काढून शहाण्णव साली परत आला. मस्कतला त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती. इमारतीच्या आतलं लाकूडकाम तो नकाशा बघून उभं करत होता. इस्लामपुरापासून दोन कोसांवरच्या आपल्या गावात मात्र तो अजून धोंड्याच होता. त्याचं म्हणणं फार मोठं नव्हतं. ह्या गावानं आपल्याला मिस्त्री म्हणावं, आणि शक्य झाल्यास हंबीररावाच्या देखत म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती झुरतो हे ज्याला कुणी कधी ढलप्या झाडायला लावलं नाही त्याला कळायचं नाही.

संधी आली ती शाळेच्या सभागृहामुळं. भिंती झाल्या, पत्रा झाला, स्टेज तेवढं राहिलं होतं. ते लाकडी करायचं ठरलं आणि अठ्ठ्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की स्नेहसंमेलन त्याच्यावरच घ्यायचं ठरलं. शाळा समितीचे अध्यक्ष लालासाहेब हे वीस एकर उसाचे धनी आणि गावात कुणालाच न दुखवण्याबद्दल प्रसिद्ध. हंबीररावानं हक्कानं काम मागितलं. धोंडिरामनंही मागितलं. लालासाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि चाळीस फुटी स्टेजच्या जागेच्या मधोमध खडूची रेघ मारली. डावीकडचे वीस फूट हंबीररावाचे, उजवीकडचे वीस फूट धोंडिरामचे. जमिनीच्या वाटण्या ह्या भागात रोज होतात, विहिरीच्या होतात, बांधावरच्या आंब्याच्याही होतात. पोरींनी नाचायच्या फळ्यांची वाटणी झालेली मात्र ह्या गावानंच पहिल्यांदा पाहिली.

दोघांनी आपापल्या भागात लाकडी वासे टाकले, त्यावर प्लायचे जाड तक्ते अंथरले, आणि मग धोंडिरामनं मस्कतहून आणलेली पेटी उघडली. आत लांब नाकाडाचं एक मशीन होतं. पन्नास स्क्रू ओळीनं बसवलेली प्लास्टिकची पट्टी त्याला खालून लावायची, नाकाड तक्त्यावर दाबायचं, की स्क्रू सर्रकन आत. हात उचलला की पुढचा स्क्रू आपोआप तोंडाशी येई आणि रिकामी पट्टी वरून बाहेर पडत जाई. वाकून एकेक स्क्रू बोटात धरणं नाही, काही नाही. बघायला अर्धा गाव लोटला. कुणी म्हणालं टेलरचं मशीन चालावं तसं चालतंय.

धोंडिराम एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी त्याचं तोंड थांबेना. मशीन कुणीबी चालवील, तो सांगू लागला, कुठल्या कामाला कुठली पट्टी हे ज्याला कळतं तो खरा. वरचा तक्ता पाऊण इंच असेल तर स्क्रू दोन इंची पाहिजे, म्हणजे निम्म्याहून जास्त खालच्या वाशात रुततो. लाकडाला मोठ्या आट्यांचा, पत्र्याला बारीक आट्यांचा. आणि रंग. पिवळा स्क्रू जमिनीचा. त्याच्यावर कितीही पाय आपटा, तो वाकेल पण सोडणार नाही. काळा स्क्रू छताच्या पांढऱ्या शीटसाठी. तो कडक असतो, लटकणारं वजन गुमान धरून बसतो, पण त्याला हिसका सोसत नाही. खिशात एक काळा स्क्रू होता. तो त्यानं पकडीत धरून हातोड्याचा एक टोला दिला. स्क्रू खडूसारखा तुटला. पिवळ्याला तसाच टोला दिला, तो नुसता वाकला. माणसं हं हं म्हणाली. हंबीररावही रेघेपलीकडून बघत होता, पण तो हं म्हणाला नाही.

हंबीररावाची रीत निराळी होती. निराळी कसली, ह्या भागातल्या झाडून सगळ्या सुतारांची हीच रीत. स्क्रू उभा धरायचा, हातोड्याचे तीन-चार ठोके घालून मानेपर्यंत आत घालवायचा, आणि शेवटचे दोन आटे तेवढे डिसमिसनं फिरवायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गडी स्क्रू फिरवून बसवतो. मस्कतला असं करताना कुणी सापडला तर त्याच दिवशी त्याचं सामान खोलीबाहेर येई. धोंडिराम हे लहानपणापासून बघत आला होता, पण आता त्याला ते चारचौघांत बोलून दाखवायची संधी मिळाली होती, आणि ती तो सोडणार नव्हता.

"आवं हंबीरराव, ह्यो तर खिळाच झाला की," तो म्हणाला. "आटं लाकूड फाडत आत ग्येलं. आता धरायचं काय त्यानं?"

हंबीररावानं मान वर केली नाही. "माज्या हातच्या पुलावरनं रणगाडं ग्येल्यात," तो म्हणाला. "तुजं खेळणं लाईट ग्येल्यावर चालतं का तेवढं सांग."

चालत नव्हतं. आणि लाईट रोज अकराला जायची ती एकला यायची. ते दोन तास धोंडिराम मशीन मांडीवर घेऊन बसे आणि रेघेपलीकडं हंबीररावाचा हातोडा नेहमीपेक्षा जोरात वाजे. एकदा तर धोंडिरामनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो रिकाम्या फळीवर ठोकत होता. एक वाजता लाईट आली की मग इकडून सर्रसर्र सुरू व्हायचं आणि तिकडचा हातोडा चिडल्यासारखा थांबायचा. पाच दिवस असे गेले. दोघांत पाण्याच्या घागरीवरूनही शब्द झाला नाही, कारण दोघांनी आपापली घागर आणली होती.

सहाव्या दिवशी लालासाहेब सांगलीहून कुठलंसं मोठं सभागृह बघून आले. तिथलं स्टेज खोल होतं. आपलं मागं-पुढं अठरा फूट म्हणजे फारच आखूड दिसतंय, पुढं आणखी सहा फूट वाढवा, असं त्यांनी दोघांनाही सांगितलं. हंबीररावाला काय, त्यानं आणखी स्क्रू मागवले. धोंडिरामनं पेटी उपसली. पिवळ्या पट्ट्या मस्कतहून मोजून आणलेल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच गेल्या वर्षी कोरेगावच्या बुद्धविहाराच्या लाकडी चौथऱ्याला गेल्या होत्या. अठरा फुटांचं काम पुरं होऊन हातात दीड पट्टी उरत होती. पुढच्या सहा फुटांना अडीचशे स्क्रू लागणार होते.

तो सकाळच्या एसटीनं सांगलीला गेला. पेठेतली पाच दुकानं पालथी घातली तेव्हा एका दुकानात पट्ट्या सापडल्या. कुठल्याशा बँकेच्या छताच्या कामातून उरलेल्या, दोन इंची, मोठ्या आट्यांच्या, मशीनला बरोबर बसणाऱ्या, आणि काळ्या. दुकानदार भला माणूस होता. त्यानं आपणहून सांगितलं की हे छताचं आहे, जमिनीला वापरू नका, पिवळं हवं असेल तर मुंबईहून आठ-दहा दिवसांत मागवून देतो. तेवढे दिवस हातात नव्हते. मग दुसरा मार्ग होता तो सोपाच होता. साधे पितळी स्क्रू घ्यायचे, गिरमिटानं भोकं पाडायची आणि डिसमिसनं एकेक फिरवून बसवायचा. दोन दिवस मनगटं दुखली असती, पण काम मशीनपेक्षा कणभरही कमी झालं नसतं. धोंडिरामनं पितळी स्क्रूंचं खोकं हातात घेतलंही. तेवढ्यात त्याला आपण गुडघे टेकून हातानं स्क्रू फिरवत बसलेले दिसलो, आणि रेघेपलीकडून हंबीरराव सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतोय की काय गड्या, दमलं का तुजं मशीन.

त्यानं खोकं परत ठेवलं आणि काळ्या पट्ट्या बांधून घेतल्या.

त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. सबंध गावाला ज्यानं काळा स्क्रू तोडून दाखवला त्याला माहीत नाही तर कुणाला? परतीच्या वाटेवर एसटीत बसून त्यानं स्वतःची समजूत घातली. सहा फूट तर आहेत. पिवळे थोडे मधे मधे मारू. स्क्रू जवळजवळ घेऊ. पोरी नाचणार वर्षातून एकदा. माणसाला स्वतःची समजूत घालायची म्हटली की आष्टा ते इस्लामपूर एवढंसं अंतरही पुरतं.

एका दुपारीत सहा फूट झाले. डोकी आत बुडाली, त्यावर लाकडाच्या रंगाची लांबी, म्हणजे सुतारांचा चिकट लगदा, भरून त्यानं ती बुजवली आणि पॉलिश मारलं. कुठं काही दिसत नव्हतं. हंबीरराव हात मागं बांधून आला, रेघेपलीकडं उभा राहिला, वाकून जमिनीवरून काहीतरी उचललं, खिशात घातलं आणि गेला. धोंडिरामला वाटलं विडीचं थोटूक असेल.

लालासाहेबांनी स्टेजवर चढून दोन्ही बाजूंना पाय आपटून पाहिला. उजवीकडं सगळं एकसंध वाजलं. डावीकडं कुठं कुठं कुरकुरलं. लालासाहेब शाळेच्या मास्तरांसमोर, समितीच्या लोकांसमोर आणि हंबीररावासमोर म्हणाले, "काम करावं तर धोंडिराम मिस्त्रीनं."

सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द असा सहज येऊन पडला. धोंडिरामनं नुसती मान हलवली. घरी जाताना मात्र तो चावडीवरून लांबच्या वाटेनं गेला, आणि वाटेत दोघांनी मिस्त्री म्हणून हाक मारली.

दुसऱ्या दिवसापासून लेझमीची तालीम स्टेजवर सुरू झाली. साठ पोरी, खेळाच्या शिक्षिका विजयमाला बाई आणि एक हलगी. धोंडिरामची आम्रपाली आठवीत होती आणि पहिल्या ओळीत होती. तिची जोडीदारीण साक्षी ही हंबीररावाची नात. आजोबांचं नि बापाचं काय आहे ह्याच्याशी त्या दोघींना कर्तव्य नव्हतं. शाळेत एका बाकावर बसत होत्या, डबा एकत्र खात होत्या. जोडी रेघेच्या डाव्या अंगाला, म्हणजे हंबीररावाच्या भागात उभी होती. धोंडिरामला ते बघवेना. त्या ठोकलेल्या स्क्रूंवर माझी पोर उड्या मारणार? तो विजयमाला बाईंना बाजूला घेऊन म्हणाला की आम्रपालीला उजवीकडं घ्या, तिकडं उजेड बरा हाय. बाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, वही उघडली आणि नाव खोडून दुसरीकडं लिहिलं. साक्षीला जोडीबरोबर यावंच लागलं.

चोवीस तारखेला दुपारी तो मागच्या बाकावर बसून तालीम बघत होता. हलगी चढली, साठ पोरींचे पाय एकदम आपटले, आणि त्या गलक्यातून त्याला एक बारीक आवाज आला. टक्. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

पोरी पाणी प्यायला गेल्या तसा तो स्टेजवर चढला, पुढच्या सहा फुटांत गुडघ्यांवर बसला आणि लांबीच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवू लागला. एक ठिपका हलला. नखानं उचकटला तर लांबीसकट स्क्रूचं काळं डोकं हातात आलं, देठापासून तुटलेलं. दुसरं आलं. तिसरं आलं. अकरा आली. ती त्यानं खिशात टाकली आणि डबीतली लांबी काढून घाईघाईनं भोकं बुजवायला घेतली. सकाळी लवकर येऊन साधे स्क्रू मारून टाकू, तो मनाशी म्हणत होता, कुणाला कळायचं कारण नाही.

"काय मिस्त्री," दारातून आवाज आला, "काय हुडकतुयास?"

हंबीरराव दाराला टेकून उभा होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं धोंडिरामला मिस्त्री म्हटलं होतं.

"कायबी न्हाई," धोंडिराम म्हणाला.

पंचवीसला रविवार. धोंडिराम धुडक्यात पितळी स्क्रू, गिरमीट आणि डिसमिस बांधून सकाळी सकाळी शाळेत आला, पण विजयमाला बाई त्याच्याही आधी आल्या होत्या. शेवटची तालीम म्हणून पोरी स्टेजवर उभ्या होत्या, समोर खुर्च्या टाकून लालासाहेब आणि हंबीरराव बसले होते. आम्रपाली पहिल्या ओळीत उजवीकडं होती, त्या सहा फुटांच्या बरोबर मधे. तिच्या शेजारी साक्षी नव्हती. साक्षी रेघेपलीकडं, पार डाव्या टोकाला दुसऱ्याच पोरीबरोबर उभी होती.

धोंडिरामनं बाईंना विचारलं, जोडी का मोडली. बाई म्हणाल्या, काल संध्याकाळी हंबीरराव घरी आले होते, नातीला डावीकडं घ्या म्हणाले, तिला तिकडचं वळण चांगलं जमतं.

ते ऐकलं आणि धोंडिरामच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. ह्या माणसानं आवाज ऐकला होता. ह्याला सगळं कळलं होतं. उद्या सबंध गावासमोर धोंड्याचं काम मोडून पडावं म्हणून हा गप्प बसला होता, आणि जाता जाता आपली नात तेवढी काढून घेतली होती. राग असा आला की पुढचंमागचं काही दिसेना. तो तरातरा खुर्च्यांपुढं जाऊन उभा राहिला.

"तुमाला ठावं हुतं," तो म्हणाला.

हलगी थांबली. हंबीररावानं वर बघितलं. तो ह्याच क्षणाची वाट बघत बसला असावा, इतका त्याचा आवाज थंड होता. "काय ठावं हुतं?"

तेव्हा धोंडिरामला कळलं की आपण कुठं येऊन उभे राहिलो. हंबीररावाला काय ठाऊक होतं ते सांगायचं तर आपण काय केलं ते आधी सांगायला हवं होतं. लालासाहेब बघत होते. साठ पोरी लेझीम धरून बघत होत्या. कायबी न्हाई म्हणून अजून मागं वळता आलं असतं, संध्याकाळपर्यंत स्क्रू मारता आले असते, नाव राहिलं असतं. बाई पुन्हा हलगी सुरू करायला सांगणार असं दिसलं. आम्रपालीनं एक पाय पुढं टाकून तयारी केली होती.

धोंडिरामनं खिशात हात घातला आणि अकरा काळी डोकी लालासाहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर ओतली.

"पुढच्या सहा फुटांस्नी म्या छताची पट्टी मारलीया," तो म्हणाला. "तुटाय लागलीया. पोरीस्नी खाली घ्या, बाई."

विजयमाला बाईंनी शिट्टी वाजवली. पोरी मागच्या पायऱ्यांनी एकेक करून उतरल्या. लालासाहेब टेबलावरची डोकी बोटानं इकडून तिकडं सारत होते आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं. मग हंबीररावानं आपल्या खिशातून एक अख्खा काळा स्क्रू काढला आणि त्या डोक्यांशेजारी ठेवला.

"मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय," तो म्हणाला. "काम तुजं, नाव तुजं. म्या कशाला सांगू?"

"आन पोरी पडल्या असत्या म्हंजी?"

"ह्ये तू इच्यारतुयास?"

धोंडिरामनं बाईंकडं पाहिलं. त्याला वाटलं होतं, खरं आपण बोललो, आता ह्या म्हाताऱ्याला बाई तरी चार शब्द सुनावतील. बाईंनी वही उघडली होती.

"तुम्ही बावीस तारखेला आलात आणि आम्रपालीला उजवीकडं घ्या म्हणालात, उजेड बरा आहे म्हणून," त्या धोंडिरामला म्हणाल्या आणि हंबीररावाकडं वळल्या. "तुम्ही काल आलात आणि साक्षीला डावीकडं घ्या म्हणालात, वळण जमतं म्हणून. दोघांनी आपापली पोर हलवून घेतलीत. माझ्याकडं आणखी अठ्ठावन्न पोरी आहेत. त्यांच्यासाठी तुमच्यातलं कुणी का आलं नाही?"

लालासाहेब घाईनं मधे पडले. झालं ते झालं, सव्वीस जानेवारी उद्यावर आली, दोघांनी मिळून रात्रीतून काय ते पक्कं करून टाका, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी ते पुरं होऊ दिलं नाही. उद्याचा कार्यक्रम मैदानात होईल, त्या म्हणाल्या, आणि ह्या स्टेजवर माझी पोर पुन्हा चढेल ती तपासल्यावर. मिळून काही नको. हंबीररावांनी धोंडिरामचा भाग तपासायचा आणि धोंडिरामनं हंबीररावांचा, आत्ता, माझ्यासमोर. मन लावून तपासाल ह्याची मला खात्री आहे, असंही त्या म्हणाल्या, आणि दोघांच्या हातात खडूचा एकेक तुकडा ठेवून पोरींच्या ओळी लावायला मैदानात गेल्या.

दोघं स्टेजवर चढले. हंबीरराव उजवीकडं गेला, धोंडिराम डावीकडं. मस्कतच्या अकरा वर्षांत धोंडिरामनं इतकं मन लावून काम केलं नसेल. एकेक स्क्रूवर तो डिसमिस ठेवी आणि हलकेच फिरवी. पहिलाच स्क्रू जागच्या जागी गरगर फिरला. आट्यांनी काही धरलंच नव्हतं. त्यानं तो बोटांनी उपटून काढला आणि भोकाभोवती खडूचा गोल मारला. दुसरा तसाच. एक सोडून तिसरा तसाच. काळ्या स्क्रूंची लाज कुठच्या कुठं पळाली. त्याला बरं वाटू लागलं, आणि प्रत्येक गोलागणिक आणखी बरं वाटू लागलं.

"सोळा," तो मोठ्यानं म्हणाला.

पलीकडून हंबीरराव म्हणाला, "एकोणीस."

"तेवीस."

"चोवीस. हे बगा लालासाहेब, ह्यो तर नुसता बोटानं निगाला."

लालासाहेब कपाळाला हात लावून बसले होते. एकाच्या भागात तुटलेले आणि दुसऱ्याच्या भागात सैल, असं अख्खं स्टेज पांढऱ्या गोलांनी भरत चाललं होतं. धोंडिराम रांगत रांगत डाव्या टोकाशी आला. तिथं प्लायची कडच वर उचलत होती. तीन स्क्रू ओळीनं हातात आले. त्याच्या तोंडावर हसू आलं.

"पप्पा."

आम्रपाली स्टेजच्या कडेला उभी होती. राहिलेल्या लेझमा न्यायला बाईंनी दोघींना पाठवलं होतं, आणि साक्षी तिच्या मागंच होती. आम्रपाली त्या उचललेल्या कडेकडं बघत होती.

"ही बाजू अशी हाय त्ये तुमाला आदीपास्नं ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय की," धोंडिराम अभिमानानं म्हणाला. "म्हणून तर तुला तिकडं घ्याय लावली."

"आन साक्षी हितं उभी ऱ्हायली असती तर चाललं असतं?"

"तिचं तिच्या आज्यानं बगायचं," धोंडिराम म्हणून गेला.

म्हणताना त्याच्या आवाजात कुठंही अडखळ नव्हती. साक्षी जवळच होती, तिनं ऐकलं. तिनं पलीकडं गुडघ्यांवर बसलेल्या आपल्या आजोबाकडं पाहिलं, मग धोंडिरामकडं पाहिलं. आम्रपालीनं बापाकडं असं पाहिलं की तो हातातला खडू खाली ठेवायचंही विसरला. मग तिनं दोन लेझमा उचलल्या, एक साक्षीला दिली, आणि दोघी मैदानाकडं गेल्या. बाहेर हलगी सुरू झाली.

पलीकडून हंबीररावानं आकडा सांगितला. धोंडिरामकडं त्याच्याहून मोठा आकडा होता. त्यानं तो सांगितला नाही.